अनवाणी चंद्र

"लोक हसतील गं," रंगमंचाकडे निघालेल्या बायकोला गजाननराव म्हणाले. त्यांच्या बडबडकवितांना आयुष्यभर हशाच मिळाला होता. आता त्यांनी लिहिणंही सोडलं होतं.

कुमुदताईंनी तंबोरा जुळवला आणि नवऱ्याचीच एक कविता बिहाग रागात गायला घेतली.

'चंद्राच्या पायी चप्पल नाही, बेडूक म्हणतो, टोचत नाही.'

सभागृहात खसखस पिकली. कुमुदताई थांबल्या नाहीत. 'चप्पल नाही' एवढंच त्या सावकाश आळवत राहिल्या, दर वेळी थोड्या खालच्या सुरात. हळूहळू हसू विरलं. आभाळातून खरंच कुणीतरी एकटं, अनवाणी चाललंय, असं सगळ्यांना वाटू लागलं. विंगेत गजाननरावांचे डोळे भरून आले.

गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "हे मी लिहिलं होतं?"

"तुम्हीच. पण तुम्ही नेहमी घाईघाईनं वाचायचात."