बिनखिडकीच्या खोलीतली बाग

"या झाडाला डाळिंबं लागलीत, आणि शेजारच्या झाडाला अजून नुसती फुलं," रेजिनाने पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवलं. "खऱ्या बागेत असं एका वेळी होईल का गं? पण ही भिंतीवरची बाग. हिच्यात सगळं एकदमच येतं."

ऑलिव्ह पलंगाच्या कडेला बसून होती. फ्रॉकच्या खिशात हात, पायांत चपला. घरातही ती चपला काढत नव्हती. सोमवारच्या विमानाने वसईहून आल्यापासून तिने रेजिनाला कुठल्याच नावाने हाक मारली नव्हती. पाणी हवं असलं की समोर येऊन उभी राहायची, एवढंच.

"रोमन लोकांचं घर आहे हे. फार जुनं. बाहेरून बघशील तर नुसत्या भिंती. आत मधोमध चौक, त्यावरचं छप्पर उघडं, आणि पावसाचं पाणी साठायला खाली हौद. चौकाभोवती खोल्या. काही अगदी अंधाऱ्या, खिडकीच नाही. मग ते काय करायचे? खोलीच्या चारही भिंतींवर बाग काढायचे. झाडं, पक्षी, पुढे बुटकं कुंपण."

कॉलेजात इतिहास शिकताना रेजिनाने हे घर एकदा परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. आता ती बहारीनला, मनामातल्या एका हॉटेलात रिसेप्शनवर होती, आणि तिथे कुणी पाहुणा हे पुस्तक विसरून गेला होता. तिच्या स्वतःच्या खोलीलाही खिडकी नव्हती. कुणाच्या तरी फ्लॅटमधली पार्टिशन घालून केलेली खोली. एसी सुरू असला की गारठा, बंद केला की भट्टी. सोमवारी आत पाऊल टाकल्यावर ऑलिव्हने चारही भिंती पाहिल्या होत्या आणि विचारलं होतं, "इथलं बाहेर कुठंय?"

म्हणून आज ड्यूटी बदलून घेऊन रेजिना सकाळपासून रंगात बुडाली होती. भिंतीच्या तळाला गडद लाल पट्टा ऑलिव्ह यायच्या आधीच मारून वाळवलेला होता, रोमन घरात असतो तसा. त्याच्यावर आता बाजारातले पोस्टर कलर. पण डाळिंबं काही तिच्या हातून उतरेनात. केळीच आल्या. मग जास्वंद, मग मोगऱ्याचे वाफे, आणि हौदाच्या जागी बावखल, वाडीतलं ते शेवाळलेलं तळं, काठावर झुकलेल्या माडासकट.

तिचा नवरा व्हिक्टर मीना सलमान बंदरातल्या जहाजांच्या वर्कशॉपमधून आला आणि दारातच थांबला.

"हा लाल आमचा जहाजाच्या बुडाला लावायचा रंग ना? शाब्बास, रेजी. खोली आता बुडायची नाही."

"हळू बोल."

"खालच्या घरमालकीण खदिजाबाईने ही भिंत बघितली तर आपण खलास." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आपल्या वसईची टेरेसा शुक्रवारी लीव्हवर गावी चाललीय. विचारत होती, पोरीला परत घेऊन जाऊ का म्हणून. तिकिटाचं आजच सांगावं लागेल."

"दोन दिवस थांब."

"काल पण हेच म्हणालीस. अगं, ती जेवत नाही."

"रडत पण नाही रे," रेजिना म्हणाली. "रडली असती तर जवळ तरी घेतलं असतं."

तिने ब्रश धुतला आणि पुढचं कुंपण काढायला घेतलं. बांबूच्या फाट्यांचं, बयकडे आहे तसं. बय म्हणजे रेजिनाची आई. ऑलिव्ह रांगत होती तेव्हा तिला बयच्या ओटीत घालून रेजिना इकडे आली होती. रेजिना आईला बय म्हणायची. मागे राहिलेली पोरही तिला बयच म्हणायला लागली.

"फाटक कुठंय?"

रेजिनाचा हात थांबला. ऑलिव्ह तिच्या पाठीशी येऊन उभी होती.

"काढते ना." रेजिनाने फाटक काढलं, आडवी कडी काढली, कडीत लाकडाची खुंटीही अडकवली. एवढंसं मूल आणि पलीकडे रस्ता. फाटक उघडं ठेवायचं तरी कसं.

"चुकलं," ऑलिव्ह म्हणाली.

"काय चुकलं?"

"कडी. कडी लावायची नसते. बय लावत नाही."

"रात्रीची तरी लावत असेल."

"नाहीच लावत. लान्सीअंकलच्या शेळ्या येतात आणि मोगरा खातात. अंकल ओरडतो, बय, फाटक लाव गं. तरी लावत नाही."

"का गं?"

"म्हणते, मम्मी यायचीय."

ब्रशवरून हिरव्या रंगाचा ओघळ मनगटापर्यंत आला. ज्या शब्दाची रेजिना सोमवारपासून वाट बघत होती, तो ऑलिव्हने असा सहज उच्चारला होता. शेजारच्या घरातल्या कुणाबद्दल बोलावं तसा.

"रेजी," व्हिक्टर दारातून म्हणाला, "टेरेसाला काय सांगू?"

रेजिनाने त्याच्याकडे बघितलं नाही. तिची नजर खाली गेली होती. ऑलिव्ह अनवाणी होती. चपला तिकडे पलंगापाशीच राहिल्या होत्या.

"मग?" तिने हलकेच विचारलं. "आली का ती?"

ऑलिव्हने फाटकाकडे बघितलं, मग रेजिनाच्या हिरव्या झालेल्या हाताकडे.

"आधी फाटक तर उघड," ती म्हणाली.