भोंगा

मुलीच्या लग्नाआधीच घशाच्या ऑपरेशनात अजीजचा आवाज गेला. कांदे विकायला त्याने ऑपरेशनपूर्वी मोबाईलवर आपल्या आवाजात हाक भरून ठेवली होती. कुणाला ऐकवली नव्हती. जावई जुबेर मोटरसायकलवर भोंगा जोडत होता. आवाज मोठा यावा म्हणून दुकानदाराने अ‍ॅम्प ब्रिज करून, म्हणजे त्याचे दोन्ही चॅनेल एकत्र जोडून दिला होता आणि दोघांना बजावलं होतं, भोंग्याची काळी तार गाडीच्या फ्रेमला लागली की अ‍ॅम्प जळेल. जुबेर गाड्यांचा मिस्त्री. गाडीच्या वायरिंगमध्ये काळी तार म्हणजे अर्थिंग, ती तो सवयीने फ्रेमलाच लावायचा. आताही त्याने बोल्ट आवळला आणि पाठमोराच स्विचकडे हात नेला. अजीजने तोंड उघडलं, नुसती हवा निघाली. त्याने गाडीचा हॉर्न दाबून धरला. जुबेर वळला. अजीजचं बोट काळ्या तारेवर होतं. “चुकलंच की,” म्हणत जुबेरने तार अ‍ॅम्पला जोडली आणि स्विच दाबला. अजीजने मोबाईलवरची हाक लावली. “रेणापूरचा कांदा घ्या,” भोंगा गरजला. “तुमी असं बोलायचे, अब्बा?” जुबेरने विचारलं.