शेवटची चाचणी

मला दिसत नाही, म्हणजे ऐकूही येत नसणार, असं समजून वकील ओरडूनच बोलत होते. छापील कागद अंधांना वाचून दाखवणारं आमचं सॉफ्टवेअर त्यांच्या कंपनीला हवं होतं. अकरा वर्षं आम्ही पाचजणी ते कोडसकट सगळ्यांना फुकट देतोय. नवी आवृत्ती आज निघणार होती. “ती थांबवा, मॅडम, सही करा. करार मीच वाचून दाखवतो.” सहा कलमं त्यांनी खड्या आवाजात वाचली. “बस, एवढंच!” “शेवटची चाचणी राहिलीय,” म्हणत मी करार कॅमेऱ्याखाली सरकवला. नवी आवृत्ती खणखणीत वाचत सुटली आणि सहाव्या कलमानंतरही थांबेना. “कलम सात. यापुढे हे सॉफ्टवेअर कोणालाही मोफत देता येणार नाही.” वकिलांचा आवाज खाली आला. “ते... नजरचुकीनं राहिलं.” “नजर तुमची, चूकही तुमचीच,” मी म्हटलं आणि ‘प्रकाशित करा’वर एंटर दाबलं.