पंधरा दिवसांची सावली

कस्तुराबाईच्या पोटातला कॅन्सर डॉक्टरांनी उजेडानंच शोधला. आधी औषध पाजलं, मग नळीतून पोटात निळा उजेड सोडला, तसा पडद्यावर नखाएवढा डाग चुलीतल्या इंगळासारखा लाल चमकला. दुसऱ्या उजेडानं त्यांनी तो तिथंच जाळला.

"औषध अंगात आहे तोवर ऊन भाजेल. पंधरा दिवस बाहेर पडू नका," डॉक्टरांनी बजावलं.

बेंबळी गावातल्या घरी बाबूरावांनी खिडकीला वाकळ टांगली. जन्मभर उन्हात राबलेली त्यांची बायको पहिल्यांदाच भरदुपारी आडवी झाली. डोळे मिटले की त्या इंगळाचा काजवा व्हायचा आणि तरंगत मळ्यावरून लांब निघून जायचा. बाबूराव शेतातून लवकर परतायचे, दाराची फट बुजवून तिच्या उशाशी टेकायचे आणि विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीनं घरटं कुठवर विणत आणलंय, ते सांगत बसायचे. इतकं बोलणारा माणूस आपल्याच घरात होता, हे कस्तुराबाईला ठाऊकच नव्हतं.

सोळाव्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा नळी घालून बघितलं. "डाग गेला. आता खुशाल उन्हात फिरा."

घरी आल्यावर ती वाकळ काढायला खिडकीशी गेली. बाबूरावांनी तिचा हात धरला.

"राहू दे," ते दुसरीकडं बघत म्हणाले. "ऊन लई हाय अजून."

बाहेर सकाळपासून आभाळ गच्च भरलेलं होतं.

"व्हय, लई हाय," म्हणत कस्तुराबाई पुन्हा आडवी झाली.