अठ्ठेचाळीस खिळे

शिवलीलाला जन्मापासून दिसत नव्हतं, म्हणून आकृत्यांची गणितं तिला माफ होती. तिला मात्र ती माफी नको होती. शेवटी अणदूरच्या शाळेतल्या गोपाळकृष्ण सरांनी एका फळीवर तारेचं गोल कडं बसवलं, त्याला आतून लागून सहा बारीक खिळे ठोकले आणि खिळ्यांभोवती दोरा ताणला.

"दोऱ्याच्या आतलं क्षेत्रफळ आपल्याला काढता येतं," सर म्हणाले. "दोरा अन् कडं यांच्यात जेवढी फट, तेवढं वर्तुळ हिशोबाबाहेर राहिलं."

तिचं बोट फटीत सहज शिरलं. सरांनी खिळे बारा केले, दोरा पुन्हा ताणला; आता फक्त नख शिरलं. "अजून ठोका, सर." चोवीसला नखही अडलं. "अजून, सर. थांबू नका."

अठ्ठेचाळीस खिळे झाले. सरांनी चष्मा पुसला, फळी उजेडात धरली. "झालं. आता फट राहिली न्हाय."

शिवलीलानं बोट हळूहळू गोल फिरवलं. "हाय की, सर. केसाएवढी."

"कुठं गं? मला तर दिसंना."

तिनं हसत सरांचं बोट धरून दोऱ्यावर टेकवलं.

"डोळे मिटा, सर. मी दाखवते."