हिरड्याचा बहर

शलाकाने मुलीच्या कमरेचा पट्टा पुन्हा ओढून पाहिला.

"आई, किती वेळा?" सात वर्षांची ऊर्वी वैतागली. "बाकीच्यांच्या आया बघ, गप्प बसल्यात."

शाळेमागचा हिरडा बहरला होता. मुलं मऊ कुंचले घेऊन फांद्यांवर चढत होती. फुलाफुलाला पराग लावल्याशिवाय फळ धरत नव्हतं, यंत्रं लावली तर फुलंच झडायची, आणि फळाशिवाय तापाचं औषध नव्हतं.

पाच वर्षांपूर्वी सरकारने घरोघरी विचारलं होतं: वाढत्या उष्म्यातून एकच जीव वाचवता येईल, आग्या मधमाशी की हिरडा? शलाकाने दोन्हींची माहिती नीट वाचून तुलना केली होती. माशी डसते, झाड बरं करतं. मांडीवर ऊर्वी झोपली होती. शलाकाने हिरड्याचं बटण दाबलं.

"बाई, ती फांदी फार बारीक आहे हो," आता ती झाडाखालच्या शिक्षिकेला म्हणाली.

"म्हणून तर लहान मुलं लागतात."

ऊर्वी शेंड्याला पोचली. कुंचला नाचवत ओरडली, "आई, बघ ना! मी माशी झाले!"

शलाका खाली हात पसरून उभी होती. ऊर्वी पुढच्या फुलाकडे सरकली, तशी तीही सरकली.