कुशीवरून काढलेले फोटो

पक्षाघातानंतर वॉरिक दोन वर्षं अंथरुणावर होते. डाव्या कुशीवर पडल्या पडल्या ते जुन्या कॅमेऱ्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोटो काढायचे. उद्या बेंडिगोच्या चर्चमध्ये, त्यांच्या अंत्यविधीला, तेच पडद्यावर दाखवायचे होते. पण सगळे आडवे निघाले.

"आता एकेक सरळ करत बसणार का?" त्यांच्या मुलीने, ब्रॉनविनने, भावाला विचारलं.

"छे, एका कमांडचं काम आहे." यूअनने लॅपटॉपवर काळी खिडकी उघडली, एक ओळ लिहिली आणि अख्खा फोल्डर नव्वद अंशांनी फिरवला.

सगळे सरळ उभे राहिले. दारातच थांबलेला यूअन, हातात गाडीची किल्ली. लॅमिंग्टन केकचा डबा घेऊन आलेली ब्रॉनविन. पलंगाच्या पायथ्याशी सूपचा वाडगा धरलेली आई.

"हा एक बिघडवलास बघ," ब्रॉनविन म्हणाली. त्यात घरची कुत्री टिली आडवी दिसत होती, गालाखाली बाबांची उशी.

आईने लॅपटॉप स्वतःकडे वळवला.



"तो आधी सरळच होता. त्यांच्या शेजारी येऊन पडणारी ती एकटीच."